ट्रॅव्हिस बिकल एकटा पडला की एकटा राहिला?

कडेचा प्रवासी

'टॅक्सी ड्रायव्हर' परवा चौथ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि नंतर आठवडाभर त्यातल्या ट्रॅव्हिससारखं आरशासमोर बोटाचं पिस्तूल रोखून दटावणीचा सराव केला होता. (हसू नका, इथल्या निम्म्यांनी केलाय.) दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला 'बिचारा' वाटला. या खेपेला राग आला. तो कशाचा, ते शोधताना जे हाती लागलं ते मांडतो.

न पाहिलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. १९७६ चा सिनेमा, दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी, पटकथा पॉल श्रेडर. ट्रॅव्हिस (रॉबर्ट डी नीरो) सव्वीस वर्षांचा, मरीन दलातून सुटून आलेला, निदान तो तसं सांगतो. झोप येत नाही म्हणून न्यूयॉर्कमध्ये रात्रीची टॅक्सी चालवतो. सेनेटर पॅलेंटाइनच्या प्रचार कचेरीतल्या बेट्सीवर जीव जडतो, ती पुढे त्याला झिडकारते. हा बंदुका घेतो, सेनेटरला मारायला जातो, ते फसतं, आणि मग आयरिस या बारा वर्षांच्या मुलीला (जोडी फॉस्टर) धंद्याला लावणाऱ्या टोळक्याला गोळ्या घालतो. वर्तमानपत्रं त्याला नायक करून टाकतात.

या सिनेमावर लिहिणारा प्रत्येक जण 'महानगरातला एकटेपणा' म्हणून सुस्कारा सोडतो. जणू शहराने धरून त्याला कोपऱ्यात ढकललं. मी या वेळी वही घेऊन बसलो आणि त्याच्याशी माणसासारखं कोण कोण वागतं ते टिपत गेलो. नोकरी देणारा बाबा आधी खेकसतो, पण हाही मरीन म्हटल्यावर नरमतो. रात्रीच्या कॅफेटेरियात बाकीचे चालक त्याला टेबलावर जागा देतात. बेट्सी, जी त्याला ओळखतही नाही, पाच मिनिटांच्या बोलण्यावर कॉफीला यायला तयार होते. आयरिस तर त्याला एका कम्यूनमध्ये (जिथे सगळे मिळून एकत्र राहतात) राहायला चल म्हणते. हा म्हणतो, मला असल्या जागा आवडत नाहीत. कधी पाहिलेली नसताना!

आणि ते आईवडिलांना लिहिलेलं कार्ड. सरकारचं गुप्त काम करतोय म्हणून पत्ता देता येत नाही, बेट्सी नावाच्या मुलीशी जमलंय, असं त्यात लिहितो. बेट्सीने तोवर केव्हाच पाठ फिरवलेली असते. जो पत्ताच देत नाही त्याच्याकडे कोण येणार?

आपल्या भाषेत एक बरं आहे. माणूस एकटा पडतो, आणि माणूस एकटा राहतो. ट्रॅव्हिस पडलेला नाही, राहिलेला आहे. शहरातली घाण धुऊन काढणारा पाऊस कधी येईल म्हणून डायरीत लिहितो आणि सुट्टीच्या वेळात जाऊन बसतो कुठे, तर अश्लील सिनेमाच्या थेटरात. बघायला जाणारा हा, आणि किळसही याचीच.

शेवटचं. तो बंदुका आधी घेतो, नेम नंतर ठरवतो, आणि एक नेम हुकला की दुसरा शोधतो. एकटेपणातून हिंसा आली असं मला या वेळी दिसलंच नाही. हिंसा तयार होती, तिने एकटेपणाचं निमित्त पुढे केलं. 

असहमत असाल तर सोडू नका.

---

शेवटची रांग

असहमत, आणि सोडणारही नाही.

तुमच्या वहीत बऱ्याच गाळलेल्या जागा आहेत. थेटरातल्या खाऊच्या काउंटरवरची मुलगी कुठे गेली? हा तिच्याशी दोन शब्द बोलू बघतो, नाव विचारतो, ती थेट मॅनेजरला हाक मारायला निघते. (तिचा दोष नाही. त्या थेटरात ती रोज काय सोसत असेल ते उघड आहे.) पण शहराचं हेच तर आहे, कुणाचाच दोष नसतो आणि तरी दार बंद होतं.

दुसरं, विझार्ड. तो प्रसंग तुम्ही वगळलात की विसरलात? सगळ्या सिनेमात ट्रॅव्हिस एकदाच मदत मागतो. जुन्या चालकाला बाहेर बोलावतो, शब्द जुळवत, अडखळत सांगतो की डोक्यात भलतेसलते विचार येतायत. आणि विझार्ड काय देतो? माणूस जे काम करतो तोच होऊन जातो, जा, दारू पी, बाई गाठ, फार विचार करू नको. म्हाताऱ्याच्या मनात वाईट काही नाही. पण त्या दोघांकडे मिळून या दुखण्यासाठी एकही शब्द नाही. मला तो प्रसंग शेवटच्या गोळीबारापेक्षा भयंकर वाटतो.

तिसरं, काळ. चित्रीकरण १९७५ च्या उन्हाळ्यात झालं. न्यूयॉर्क तेव्हा दिवाळखोरीच्या काठावर होतं, पोलिसांपासून सफाई कामगारांपर्यंत हजारोंना घरी पाठवलं जात होतं, जुलैत सफाई कामगारांनी काम बंद केलं आणि ढीग रस्त्यावर कुजत पडले. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शहराला मदत नाकारली तेव्हा 'डेली न्यूज'ने पहिल्या पानावर, फोर्ड शहराला 'मर' म्हणतात, अशा अर्थाचा मथळा दिला. ती घाण सेट लावून आणलेली नव्हती. शिवाय हा मुलगा व्हिएतनाम युद्धाच्या काळातून आलेला, रात्रभर जागा. त्याला 'राहिलेला' म्हणणं म्हणजे बुडणाऱ्याला 'पोहला नाही' म्हणणं.

---

कडेचा प्रवासी

विझार्डचा प्रसंग वगळला हे खरं. पण तो प्रसंग पुन्हा बघा. तो बिचारा धडपडत बोलतोय, मी काही तत्त्वज्ञ नाही असंही कबूल करतोय, आणि ट्रॅव्हिस त्याला म्हणतो, इतकं मूर्खासारखं मी आजवर ऐकलं नाही. हसत म्हणतो, पण म्हणतो. आधार चुकीच्या शब्दांत आला म्हणून परत पाठवायचा?

घाणीबद्दल मान्य. पण त्याच घाणीत विझार्ड राहतो, बेट्सी राहते, कॅफेटेरियातले सगळे राहतात. लाखो लोक न झोपता कामं करत होते. बंदूक एकाने उचलली.

---

शेवटची रांग

मग टेलिफोनचा तो शॉट कसा लावाल? तो बेट्सीला फोन करून माफी मागतोय, फुलं मिळाली का विचारतोय, आणि कॅमेरा हळूच त्याला सोडून बाजूला सरकतो आणि रिकाम्या बोळावर जाऊन थांबतो. आवाज ऐकू येत राहतो, माणूस चौकटीत नाही. त्याचा अपमान आपल्यालाही बघवू नये म्हणून दिग्दर्शकाने नजर वळवली आहे. इतकी माया 'निमित्त शोधणाऱ्या' माणसावर कोण करतं?

---

दुसरी बाजू

तुमचं दोघांचं बोलणं छान चाललंय, पण तुम्ही दोघंही त्याच्याच टॅक्सीत बसला आहात.

रिकाम्या बोळाच्या शॉटवर पानंच्या पानं लिहिली गेलीत. त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला जी बाई आहे तिच्यावर कुणी चार ओळी लिहा. आधी हा टॅक्सी उभी करून काचेतून तिला बघत बसतो. किती वेळा, तिला माहीत नाही. मग आत येऊन तिलाच सांगतो की तू एकटी दिसतेस. पहिल्या सिनेमाला नेतो तो अश्लील, आणि यावर समीक्षकांचं म्हणणं काय, तर त्याला बिचाऱ्याला समाजाचे रिवाज कळत नाहीत. ती उठून निघते तेव्हा तो तिला अडवतो. मग फोन. मग फुलं, परत आलेली, त्याच्याच खोलीत कुजणारी. मग कचेरीत घुसून सगळ्यांसमोर शिव्याशाप. तिच्या ठिकाणाहून बघा, हा सिनेमा पहिल्या अर्ध्या तासातच भीतिपट आहे.

मी तीन वर्षं रातपाळी केली आहे. पहाटे चारला सुटणाऱ्या गाडीची वाट बघताना एक सहकारी रोज शेजारी येऊन बसायचा. सभ्य होता, कधी हात लावला नाही. फक्त 'मला कुणी नाही' हे रोज सांगायचा, आणि मी एक दिवस वेगळी गाडी धरली तर दुसऱ्या दिवशी हिशेब मागायचा. वरिष्ठांना सांगितलं तर म्हणाले, एकटा आहे बिचारा, समजून घ्या. त्याचा एकटेपणा माझ्या नावावर थकबाकी म्हणून कधी चढला, मला कळलंच नाही. 'एकटा आहे' हे वाक्य ऐकलं की तेव्हापासून मी आधी दार कुठे आहे ते बघते.

म्हणून धागाकर्त्याशी निम्मी सहमत. निम्मीच, कारण तुमच्या वहीतसुद्धा बेट्सी आणि आयरिस 'त्याला कोण काय देतं' याच खात्यावर आहेत.

आयरिसचं तर वेगळंच. गोळीबाराच्या वेळी ती रडतेय, नको मारू म्हणून विनवतेय. पुढे तिचं काय झालं ते आपल्याला कोण सांगतं? तिचा बाप, पत्रातून. ती शाळेत जातेय, आम्ही आभारी आहोत. वाचवल्यानंतर त्या मुलीला एक वाक्य बोलू दिलेलं नाही.

---

चौकोनी घड्याळ

दुसरी बाजू, +१. बापाच्या पत्राचं कधी लक्षातच आलं नव्हतं.

---

वाकडी मान

इथे सगळे ट्रॅव्हिसवर खटला चालवतायत. सिनेमावर कोण चालवणार?

३० मार्च १९८१. जॉन हिंकली नावाच्या तरुणाने वॉशिंग्टनमध्ये हॉटेलबाहेर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. रेगन वाचले, त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी जन्मभरासाठी अपंग झाले. हिंकलीने 'टॅक्सी ड्रायव्हर' पुन्हा पुन्हा पाहिला होता आणि जोडी फॉस्टरचा ध्यास घेतला होता. ती येल विद्यापीठात शिकत होती, तिला हा पत्रं पाठवायचा, फोन करायचा. तिच्या डोळ्यांत भरावं म्हणून त्याने हे केलं. खटल्यात ज्यूरीला हा सिनेमा दाखवला गेला. जून १९८२ मध्ये वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला, आणि त्यावरच्या संतापातून १९८४ मध्ये अमेरिकेने त्या बचावाचा कायदाच कडक केला.

आता म्हणाल, लाखोंनी पाहिला, एकानेच गोळी झाडली. बरोबर. पण धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलंय की एकोणिसाव्या वर्षी आरशासमोर काय केलं. बेट्सीसारखं मान वळवून निघून जायचा सराव किती जणांनी केला? (ते आरशासमोरचं बोलणं पटकथेत नव्हतंच, तिथे फक्त तो स्वतःशी बोलतो एवढं होतं. बाकी डी नीरोची करामत.) ज्या माणसाचा निषेध करायचा त्यालाच सगळ्यात देखणा क्षण दिला, त्यालाच सॅक्सोफोन दिला, त्यालाच रात्रीचे ओले, निऑनचे रस्ते दिले. निषेध कागदावर राहिला.

---

शेवटची रांग

वाकडी मान, साखळी उलट्या बाजूनेही बघा. श्रेडरच्या मनात आर्थर ब्रेमर होता. याने मे १९७२ मध्ये प्रचारसभेत गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या, वॉलेस कमरेखाली लुळे झाले. ब्रेमर आधी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या मागावर होता, तिथे डाळ शिजली नाही म्हणून वॉलेसकडे वळला. म्हणजे सिनेमाआधी तो माणूस होताच. श्रेडरने स्वतःच्या अंगावरचंही यात घातलंय. संसार मोडलेला, राहायला घर नाही, गाडीतच दिवस काढलेले, अल्सर होऊन इस्पितळात गेला तेव्हा लक्षात आलं की कित्येक दिवसांत आपण कुणाशी बोललोच नाही. त्याने कुणावर गोळी न झाडता दहा-बारा दिवसांत पटकथा लिहिली.

---

कडेचा प्रवासी

हे तर माझ्याच बाजूचं झालं! श्रेडर एकटा पडला आणि लिहायला बसला. ब्रेमर आणि ट्रॅव्हिस एकटे राहिले आणि नेम शोधत फिरले. नेम बदलतो हे ब्रेमरचंच बघा. तसंच पॅलेंटाइनवर गोळी झाडता आली असती तर ट्रॅव्हिस तुरुंगात सडला असता. अंगरक्षकांनी ओळखलं, तो पळाला, आणि त्याच दिवशी त्याच बंदुका दुसऱ्या दारात नेल्यावर नायक झाला. माणूस तोच, दिवस तोच, हेतूही फारसा वेगळा नाही.

वाकडी मान, त्या गोळीबारात देखणं काय आहे हो? रक्त इतकं लाल होतं की प्रौढांपुरतं प्रमाणपत्र मिळण्याची पाळी आली, म्हणून त्या प्रसंगाचे रंग फिके करावे लागले. त्याने ते तपकिरी, शिळं, जुन्या गुन्ह्याच्या फोटोसारखं झालं. मला तरी पाहून ओकारी आली.

---

वाकडी मान

आणि नंतर कॅमेरा छतावरून, देवाच्या नजरेने, सावकाश सगळ्या प्रेतांवरून फिरतो. त्यासाठी खऱ्या इमारतीची छतं कापली होती. किळस यावी म्हणून कुणी इतकी मेहनत घेत नाही. ती पूजा आहे.

---

मागच्या काचेतून

उशिरा आलो, पण एक माणूस अजून कुणालाच आठवलेला नाही म्हणून लिहितो.

ट्रॅव्हिस पहिला माणूस मारतो तो त्या शेवटच्या रात्री नाही, त्याच्या बराच आधी. किराणा दुकानात दरोडा घालायला आलेला काळा तरुण. हा मागून येऊन गोळी घालतो. मग घाबरतो, माझ्याकडे परवाना नाही म्हणतो. दुकानदार काय करतो? तू जा, मी बघतो म्हणतो, आणि पडलेल्या देहावर लोखंडी दांड्याने वार करत सुटतो. पोलीस येत नाहीत, डायरीत नोंद नाही, पुढे कुणी नाव काढत नाही. धाग्यात इतके प्रतिसाद झाले, इथेही नाही. त्या तरुणाला विसरायला सिनेमा आपल्याला मदत करतो, की आपण आधीपासूनच तयार असतो?

आणि हे एकटंदुकटं नाही. कॅफेटेरियात काळ्या माणसांवर त्याची नजर कशी खिळते ते बघा, कॅमेराही तिथे मंदावतो. मूळ पटकथेत शेवटी मारले जाणारे लोकही काळे होते. ते तसंच ठेवलं तर थेटरात दंगे होतील म्हणून स्पोर्टचं, म्हणजे आयरिसच्या दलालाचं, काम हार्वी कायटेल या गोऱ्या नटाला दिलं गेलं. म्हणजे ट्रॅव्हिसच्या डोक्यात जी 'घाण' आहे तिला रंग होता, पडद्यावर आणताना तो पुसला. एकटेपणावर चर्चा करणं सोपं जातं, कारण एकटेपणा कुणालाही लागू होतो. हे तसं लागू होत नाही.

आता धागाकर्त्यांच्या यादीत माझी भर. त्याच्याशी सगळ्यात अदबीने कोण बोलतं? बंदुका विकणारा. हॉटेलच्या खोलीत पेट्या उघडून, मखमलीवर दागिने मांडावेत तसं एकेक पिस्तूल दाखवतो. मनातलं मोकळं कोण करतं? मागच्या सीटवरचा तो प्रवासी, जो खिडकीतल्या बायकोच्या सावलीकडे बोट दाखवून तिला कसं मारणार ते रंगवून सांगतो. (ते काम खुद्द स्कॉर्सेसीने केलंय.) आणि त्याच्या बाजूने कोण उभं राहतं? हा दुकानदार.

---

कडेचा प्रवासी

दुकानदार विसरलो होतो. वहीत खरंच नाही. चार वेळा पाहून नाही, याची लाज वाटते.

आणि यामुळे माझा मुद्दा लंगडतो. मी म्हणत होतो, शहराने हात पुढे केला आणि याने धरला नाही. पण तुमची यादी माझ्या यादीशेजारी ठेवली तर वेगळंच दिसतं. कॉफी, टेबलावरची जागा, कम्यूनचं बोलावणं, हे हात त्याने झिडकारले. बंदूक, सूड, 'मी बघतो', हे हात त्याने धरले, आणि तेही शहरानेच पुढे केले होते. शेवटी पूर्ण शहर त्याला टाळ्या देतं, तेही गोळ्या झाडल्यावर. एकटा राहिला तो माणसांत. गोळी झाडली की त्याला लगेच साथ मिळते.

'निमित्त' हा शब्द मागे घेत नाही. पण ते निमित्त त्याला एकट्याने शोधावं लागलं नाही, एवढं मान्य.

---

शेवटची रांग

मीही थोडा सरकतो. 'कुणाचाच दोष नसतो' असं मी वर लिहिलं, ते दुकानदाराबद्दल नाही म्हणता येणार.

पण टेलिफोनच्या शॉटवरून हटणार नाही.

---

चौकोनी घड्याळ

शेवट स्वप्न आहे की खरा, यावर कुणी बोलणार का? मरताना त्याला दिसलेलं चित्र आहे असं मी बरेच ठिकाणी वाचलंय.

---

मागच्या काचेतून

मला स्वप्नवाली वाट पळवाट वाटते. स्वप्न म्हटलं की वर्तमानपत्रं सुटली, बाप सुटला, आपण सुटलो. खरं धरलं तरच बोचतं. आणि शेवटच्या क्षणी ट्रॅव्हिस आरशात काहीतरी बघतो, आरसा झटक्यात फिरवतो, तेव्हा एक चमत्कारिक टणत्कार ऐकू येतो. तो सूर संगीतकार बर्नार्ड हरमनने उलटा वाजवून घेतला होता. सुलट काही उरलंय असं समजू नका, हे तिथे कानावर घातलंय. हरमनचं हे शेवटचं काम. ध्वनिमुद्रण संपवून तो हॉटेलवर गेला आणि त्याच रात्री, २३-२४ डिसेंबर १९७५ च्या दरम्यान, झोपेत वारला. सिनेमा त्यालाच अर्पण केलाय.

---

वाकडी मान

कान चित्रपट महोत्सवात १९७६ ला याला सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला तेव्हा काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्यांच्यात मी असतो. तरी परत बघणार, हेही लिहून ठेवतो. हीच तर माझी तक्रार आहे.

---

दुसरी बाजू

कडेचा प्रवासी, पाचव्यांदा बसाल तेव्हा वहीत आणखी एक रकाना आखा. शेवटच्या फेरीत बेट्सी मागे बसलीय. टॅक्सीत आहे तोवर तिचा चेहरा आपल्याला कुठे दिसतो ते लिहा.

---

कडेचा प्रवासी

आरशात. त्याच्याच.

रकाना आखला. दुकानातल्या त्या तरुणासाठीही एक आखलाय, पण त्यात लिहिणार काय, त्याचं नावही सिनेमात नाही.